मुंगळ्यांचे पांढरे ठिपके

मुंग्यांवर प्रबंध लिहिणारी लेक गाडीतून कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी घेऊन माळावर परतली, मेलेल्या नाकतोड्यापाशी राखणीला बसवलेल्या वडिलांशेजारी उकिडवी बसली आणि तिचं डोकंच फिरलं. नाकतोड्याला लगडलेल्या झाडून सगळ्या मुंगळ्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका होता.

तिने एकालाच लावला होता, ज्याला हे भक्ष्य सगळ्यांत आधी सापडलं त्याला. वारुळात परतून बाकीच्यांना तोच घेऊन येतो का, एवढंच तिला पाहायचं होतं. उद्या या माळावर बुलडोझर फिरणार होता. आज हे जमलं नाही, तर प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण लंगडं राहणार होतं.

"बाबा, हे काय केलंत?"

"तू एकालाच लावून गेलीस," वडील म्हणाले. त्यांची उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती. "म्हटलं, तू येईस्तोवर बाकीच्यांचं उरकून टाकावं."

अर्धवट रंगकाम त्यांना बघवत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ही शहाणी ब्रश त्यांच्या हाताशी ठेवून गेली. मदत करणाऱ्याला धड ओरडताही येत नाही. ती ओरडली, आणि जरा जास्तच ओरडली. वडिलांनी ब्रश खाली ठेवला.

तणतणत तिने वारुळाच्या दुसऱ्या अंगाला नवा नाकतोडा ठेवला. बऱ्याच वेळाने एक कोरा मुंगळा भटकत आला, त्याने मिशांनी तो चाचपला. तिने ब्रश लाल रंगात बुडवला, पण रागाच्या भरात घाई केली आणि ठिपका मातीवरच पडला. मुंगळा परत निघाला.

"लावा," ती दातओठ खात म्हणाली. "पण एकालाच."

वडिलांनी गुडघे टेकले, श्वास रोखला आणि चालत्या मुंगळ्याच्या पाठीवर खसखशीएवढा ठिपका दिला. मुंगळा वारुळात गेला. ऊन चढलं, दोघांच्या मानेवरून घाम ओघळत राहिला, पण कुणी हललं नाही. मग तोच लाल ठिपका बाहेर आला, आणि त्याच्यामागे रांग. तिचा जीव भांड्यात पडला. कॅमेरा सुरू होता.

"मघाशी मी फार बोलले, बाबा."

"बोललीस खरी." त्यांनी ब्रश पुसला आणि तिच्या हातात दिला. "हा आधी माझ्यापासून लांब ठेव. बाकीचे कोरे बघवत नाहीत मला."