शहापूरच्या हार्ड डिस्कचा सूड

मी हार्ड डिस्क बोलतेय. वजन दीड किलो, पोटात फिरत्या चकत्या आणि त्यांवरून केसभर अंतर राखून सरकणाऱ्या सुया. मी मनानं मोठी नाही, हे आधीच सांगते. माझा सूड पुरा झाला, तरी माझं समाधान झालेलं नाही.

१९८७ साली मी एका संगणकात बसून भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या सहकारी बियाणे संस्थेत आले. खोलीला पडदे लागले, दारात चपला काढायची पाटी लागली. मला चालवायला सत्यभामा मेश्राम नावाच्या बाई होत्या. धानाच्या प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे त्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवत, किती उगवले ते मोजत आणि आकडा माझ्यात टाकत. मशीन बंद करण्याआधी माझ्या सुया न चुकता कडेला नेऊन ठेवत, म्हणजे धक्का लागला तरी चकती खरवडायला नको.

व्यवस्थापक मधुकररावांना त्या खुर्चीत आपला साळा भैय्यालाल बसवायचा होता. त्याचं भंडाऱ्यातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालत नव्हतं. मशीन आल्यावर चाचण्यांचे कागदही मधुकररावांनी रद्दीत घातले होते. म्हणत, “आता कागद कायले पाहिजे?”

८८चा जून लागला. सोमवारी सकाळी सत्यभामाबाईंनी बटण दाबलं, तर संगणकाच्या पडद्यावर आलं की हार्ड डिस्कच नाही. शनिवारी त्या रजेवर असताना भैय्यालालनं माझी वायर ढिली करून ठेवली होती. मधुकररावांनी आरडाओरडा केला. बाईंनी डिस्क बिघडवली, भैय्यालालला नेमावं, असं पत्र त्यांनी त्याच दिवशी अध्यक्ष मारोतरावांच्या हाती दिलं. बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं.

बेत असा की भैय्यालालनं वायर घट्ट करायची आणि शाबासकी घ्यायची. पण दुरुस्ती मोठी दिसावी म्हणून त्यानं मला उपसून पिशवीत घातलं आणि मोटरसायकलवरून भंडाऱ्याला नेलं. सुया कडेला नव्हत्या. प्रत्येक खड्ड्याला सुई चकतीवर आपटत होती. ते ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत.

मंगळवारी त्यानं मला परत बसवलं. माझी चपटी वायर उलटी लावली. बॅटरीचीही वायर त्याच्या हातून निघाली होती, त्यामुळे आत कोणत्या प्रकारची डिस्क आहे हेच संगणक विसरला. पडदा प्रकाराचा क्रमांक विचारू लागला. भैय्यालाल एक टाकी, पाच टाकी, नऊ टाकी. माझा लाल दिवा नुसता जळत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम निथळताना पाहून मला फार बरं वाटलं.

गुरुवारी बियाण्यासाठी गावोगावचे लोक येऊन बसले. मधुकरराव बाईंच्या टेबलापाशी आले.

“बाई, एकदा पाहून घ्या ना.”

त्यांनी मान वर केली नाही. “मले काय येते साहेब? माझ्याच हातानं बिघडली म्हनता ना?”

शाब्बास, मी म्हटलं.

तेवढ्यात करडी गावच्या धुरपताबाई पुढे आल्या. “बाई, मागच्या साली बी दुसरीकडून आणलं, तं पऱ्हेच उगवले नाही. रोपच नाही तं रोवनं कायचं करू? औंदा तुमच्या भरवशावर आली. कोणतं पोतं चांगलं, सांगा ना.”

मधुकरराव शिपायाला हळूच म्हणाले, “दे कोणतंही. पोत्यावर नुसता नंबर आहे, उगवण थोडीच लिहिली आहे?”

बाईंनी पेन खाली ठेवला. मी आतून म्हणत होते, नको उठू, बुडू दे याला. बाई उठल्या.

“अध्यक्षसाहेबाले बलावा,” त्या म्हणाल्या. “त्याइच्या समोरच हात लावीन.”

मारोतराव आले. बाईंनी माझी वायर काढली, तिची लाल किनार योग्य बाजूला धरून पुन्हा बसवली. बॅटरी जोडली. पडद्यानं क्रमांक विचारताच न अडखळता दोन टाकला. मी घुरघुरले, सुया कशाबशा सरकल्या आणि फायलींची यादी वर चढली.

यादीत एक फाईल बाईंची नव्हती. त्यांनी ती उघडली. इंग्रजी पत्र होतं. त्यांनी मराठीत वाचलं: “आज सोमवारी सकाळी सत्यभामा मेश्राम यांच्या हातून डिस्क बिघडली...”

मारोतरावांनी खिशातून आपल्याकडचं पत्र काढलं. “हे तं माह्याजवळच आहे. सहा जूनचं.”

“हो साहेब. पण मशीनमंदी हे लिहिल्याची तारीख तीन जून आहे. शुक्रवार.”

मी ती तारीख दाताखाली धरून ठेवली होती.

“मधुकरराव,” मारोतराव म्हणाले, “बाईनं सोमवारी बिघडवली, अन् तुमाले शुक्रवारीच कसं मालूम झालं?”

भैय्यालाल चपला शोधत होता.

न उगवणारी एकेचाळीस पोती त्याच दुपारी बाजूला निघाली. धुरपताबाई चांगलं बी घेऊन गेल्या. भैय्यालाल आपल्या रेडिओंकडे गेला आणि मधुकररावांना कोंढा गावच्या गोदामावर धाडलं.

पुढल्या साली माझ्या जागी मोठी डिस्क आली. मी आता कापडात गुंडाळून कपाटात आहे. बाई परवा मधुकररावांच्या मुलीच्या लग्नाला जाऊन, जेवूनही आल्या. “झालं गेलं,” म्हणाल्या. त्यांचं झालं असेल.

मागच्या आठवड्यात मधुकरराव काही कागद शोधायला इथे आले. कपाट उघडलं आणि मला पाहून थबकले.

“हे अजून चालते का?”

“चालते,” बाई म्हणाल्या.

मधुकररावांनी कपाटाचं दार फार हळू लावलं.

म्हणून एकच मागणं आहे. मला भंगारात देऊ नका. निदान तो माणूस नोकरीत आहे तोवर तरी नाही.