अवेळी बसवलेली कोंबडी

हिवाळ्याच्या तोंडावर बटाटे काढायचे दिवस आले आणि बुरमाकानने खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. नारीनच्या डोंगरात असला वेडेपणा कुणी करत नाही. बर्फ वितळून गल्लीत चिखल झाला की अंडी ठेवायची, म्हणजे थंडीपर्यंत पिल्लांच्या अंगावर पुरती पिसं येतात. बुरमाकान जन्मभर तेच करत आली होती आणि चुकणाऱ्या शेजारणींना फैलावर घेत आली होती. आता पाळी शेजारणींची होती. म्हातारीला वेळकाळाचं भान उरलं नाही, असं त्या उघड बोलू लागल्या. तिने बोलू दिलं.

गेला हिवाळा तिने मुलाकडे, बिश्केकला आठव्या मजल्यावर काढला होता. सामात आईला फार जपायचा, हीच तर पंचाईत. साधा चहासुद्धा कुणी तिला करू देत नव्हतं. पुन्हा तसं नुसतं बसून राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. तसं सांगितलं की सामात हसून विषय बदलायचा.

घाट बर्फाने अडायच्या आत तो बायकोला घेऊन आईला न्यायला आला. चुलीमागच्या खोक्यात आठवड्याभराची पिल्लं चिवचिवत होती. एकही मरू द्यायचं नाही असं बुरमाकानने ठरवलंच होतं, त्यामुळे चूल रात्रंदिवस धगधगत होती.

"आई, अगं ही आत्ता कशाला काढलीस?"

"निघाली खरी. आता यांना गारठ्यात टाकून येऊ का, तूच सांग."

सामातने शेजारी ठेवायचं सुचवलं, तर तिथे मांजर. गाडीतून न्यायचं म्हटलं, तर घाटातली थंडी. शेवटी त्याने बायकोकडे पाहिलं. झूरा याच खोऱ्यात कोंबड्यांमध्ये वाढलेली. तिच्यापुढे थाप चालणार नव्हती.

झूराने एक पिल्लू उचललं, त्याचा इवलासा पंख उघडून पाहिला, मग सासूकडे पाहत राहिली. बुरमाकानने नजर खाली घेतली नाही.

"पिसं फुटेपर्यंत यांना हलवता यायचं नाही," झूरा नवऱ्याला म्हणाली. "आईंना राहावंच लागेल."

सामात वैतागला. घाट उघडा असला तर महिन्याने न्यायला येतो, असं बजावून तो कोळसा पुरेल का ते बघायला बाहेर गेला.

झूराने पिल्लू खोक्यात सोडलं.

"आई, ती तांबडी पण खुडूक झालीय. आजच बसवा तिला. महिना काय, लगेच सरतो."