पूर्ण नाव

माझा घटस्फोट आफ्रिकेत झाला. मी त्या वेळी वाशीमला वांगी तोडत होते.

नैरोबीच्या कोर्टाची नोटीस आधी आली होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती पाठक वकिलांकडून वाचून घेतली आणि मला विचारलं. मी हरकत नाही म्हटलं आणि अंगठा दिला. पुढं निकाल आला तेव्हा मी रडायला हवं होतं, असं आळीतल्या बायकांचं मत पडलं. दोघीतिघी तर त्या तयारीनंच येऊन बसल्या होत्या. मी त्यांना चहा दिला.

रडणार कशावर? नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका कच्छी शेठानं त्याला नैरोबीला नेलं, आणि तो तिथलाच झाला. पहिली काही वर्षं मी वाट पाहिली. नंतर वाट पाहण्याचीही सवय सुटली, कशी सुटली ते कळलं नाही. त्याचा चेहरा आठवायला गेलं की कानच तेवढे आठवत. मोठे होते.

माणूस म्हणून घरात होते ते मामाजी. सासूबाई गेल्यावर शहराबाहेरच्या मळ्यात आम्ही दोघंच राबायचो. ते विहिरीवर मोट हाकत, मी खाली वाफ्यांत पाणी वळवत असे. वाफा भरला की ओरडायचं, "मामाजी, भरला!" मग ते बैल थांबवत, मी दुसऱ्या वाफ्याचं तोंड मोकळं करत असे. अख्ख्या दिवसात माझा आवाज तेवढाच निघे. सासऱ्यापुढं सुनेनं आणखी बोलायचं तरी काय? पदर कपाळापर्यंत आणि नजर मातीत, अशीच माझी वर्षं गेली.

माझा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं त्यांनीच मनावर घेतलं. "मी हाय तवर ठीक हाय," ते म्हणाले. "मंग धाकला तुले येथं ठेवनार नाही." धाकला म्हणजे माझा दीर, गावात वेगळा राहणारा. तो ठेवणार नव्हताच. मळ्यात आला की कुठल्या बाजूला काय लावायचं ते माझ्यासमोरच बोलायचा, जणू मी बुजगावणं आहे.

रिसोडचे गुलाबराव मामाजींनीच शोधले. बायको वारलेली, एक लहान मुलगी, मिरचीचा मळा. माणूस बरा होता, पण भित्रा. नव्या कायद्यात नवरा जिवंत असताना दुसरं लग्न म्हणजे गुन्हा, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. आधी आम्ही जातीच्या पंचांकडे गेलो. आमच्यात काडीमोड चालते; पंचांसमोर नवराबायकोनं गवताची काडी मोडली की दोघं मोकळी. पण पंच म्हणाले, "त्यानं तिकडं काय मोडलं ते आमी पाह्यलं नाही. पोट्टा इथं हजर पाह्यजे." गुलाबराव म्हणाले, "वाशीमच्या कोर्टानं तो निकाल मानला तरच पाट." मग दावा लावला.

कोर्टात जाताना पाठक वकिलांनी मला पढवलं. "नोटीस मिळाली होती म्हणायचं, मान्य आहे म्हणायचं. बास. परमुलखातला निकाल कोर्ट मानतं, पण बाईला न विचारता दिला असेल तर मानत नाही." मी ते दोन शब्द घोकत गेले. कठीण काहीच नव्हतं.

जज्जसाहेब नवे होते, आमचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेल्यावर पुण्याकडून आलेले. मी उभी राहिले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, आणि तेही नणंदेनं चिमटा काढला म्हणून. रस्त्यात कुणी राम राम घातला तर मी नुसते हात जोडायची, कारण त्याच्या नावात राम आहे.

मागून मामाजी उठले. "रामकिसन, साहेब. माहा पोरगा."

"तुम्ही खाली बसा," जज्जसाहेब म्हणाले. "बाई, तुम्ही सांगा."

मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागले. कोर्टाचा कारकून साहेबांजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला, आमच्याकडे बायका नाव घेत नाहीत वगैरे. जज्जसाहेबांनी मान हलवली.

"तेच म्हणतोय मी. वकीलसाहेब, तुमच्या बाई म्हणतात घटस्फोट मान्य आहे. आणि इथं त्याला नवरा मानून नाव घ्यायला लाजतात. मग मान्य काय आहे त्यांना? तो कागद सासऱ्याला मान्य आहे की ह्यांना, हे मला कसं कळावं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "दुपारनंतर बोलवा. नाव बाईंच्या तोंडून आलं पाहिजे."

आम्ही आवारातल्या लिंबाखाली बसलो. भाकरीचं गाठोडं सोडलं. मामाजी तोंड फिरवून म्हणाले, "म्हन एक डाव. रामकिसन."

मी पदर ओढला.

"अवं, म्हन ना. म्या ठेवलेलं नाव हाय, माह्या परवानगीनं म्हन."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. सासरा सुनेला नवऱ्याचं नाव घ्यायला शिकवतोय, हे आमच्या आळीत कुणी ऐकलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. पण मला हसूही आलं नाही.

"माह्यासमोर नाही जमत?" ते उठले. "मी तिकडं पान्याच्या रांजनाजवळ जातो. तू या झाडाले म्हनून दाखव."

ते गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी झाडाला म्हटलं, "रामकिसन." काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. वांगी म्हणावं, मिरची म्हणावं, तसं वाटलं. इतकी वर्षं ज्याला जपलं ते हे होय, असं मनात आलं, आणि तेही लगेच गेलं.

दुपारी पुकारा झाला. मी उभी राहिले, आणि जज्जसाहेबांनी विचारायच्या आधीच म्हणाले, "रामकिसन."

पाठक वकिलांनी सुस्कारा सोडला. जज्जसाहेब लिहायला लागले.

"पूर्ण नाव सांगा. रामकिसन... वडिलांचं नाव?"

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वकिलांच्या नाही, मामाजींच्या नाही, माझ्याही नाही. सासऱ्याचं नावसुद्धा सून घेत नाही. आणि ते तर मागं बाकावर बसलेले.

नवऱ्याचं नाव झाडाला म्हणून दाखवलं होतं, हे कुणाला म्हणून दाखवणार? मला एकाएकी समजलं की मी कुणाला सोडते आहे. आफ्रिकेतला तो केव्हाच सुटला होता. आज ह्यांना सोडायचं होतं.

"बाई?"

मी मागं पाहिलं. पदराआडून नाही, सरळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एवढं पाणी असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. "म्हन, पोरी."

"बापूराव," मी म्हणाले, आणि रडले. अगदी ओक्साबोक्शी रडले, भर कोर्टात. कारकुनानं पाणी आणलं. जज्जसाहेब थांबले, मग हळू आवाजात नोटिशीचं विचारलं. मिळाली होती म्हटलं. मान्य आहे म्हटलं. त्यांनी निकाल दिला की नैरोबीचा घटस्फोट इथंही खरा.

घरी जाताना नेहमीप्रमाणे ते पुढं, मी मागं. मळा दिसायला लागला तेव्हा ते न वळता म्हणाले, "आता मामाजी नोको म्हनू. कोर्टानं सोडवलं तुले. गुलाबरावाले कसं वाटंल?"

मी मागून चालत राहिले. रडण्याचं सगळं अंगातून उतरलं होतं, आणि पुन्हा पहिल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोट जुंपली. रिसोडला जायला अजून आठवडा होता आणि सांबाराला पाणी हवं होतं. कोथिंबीर काही निकालासाठी थांबत नाही. पहिला वाफा भरत आला. मी हाक द्यायला तोंड उघडलं, पण 'भरला'च्या आधी काय म्हणायचं ते सापडेना. पाणी काठाला लागलं, काठ फुटला, वाटेवर चिखल झाला. मी फावडं धरून पाहत राहिले.

त्यांनी बैल थांबवले आणि विहिरीच्या धावेवरून, बैलांच्या उतारावरून, खाली वाकून पाहिलं. "काहून बोलली नाहीस वं?"

"काय म्हनू?"

त्यांनी कासरा हाताला गुंडाळला.

"काय बी म्हन," ते म्हणाले. "पर हाक देत जाजो."

रिसोडहून वाशीमला हाक पोचत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी फुटलेला काठ मातीनं बांधला आणि दुसऱ्या वाफ्याचं तोंड मोकळं केलं.