अजून चार महिने हायत की!

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. हसू नका. पाच वर्षांची म्हैस ऐन भरात असते. पाच वर्षांच्या आंब्याला नुकता कुठे मोहोर येतो. पण लहान मुलांचा पासपोर्ट मात्र पाच वर्षांत म्हातारा ठरतो. मोठ्या माणसांच्या पासपोर्टला दहा वर्षं मिळतात. मुलं भराभर वाढतात, म्हणून हा नियम आहे म्हणे. मला तो मान्य नाही. मुलं वाढतात, त्यात माझा काय दोष? मी आहे तेवढाच आहे.

माझ्या अंगावर निळा पुठ्ठा आहे, त्यावर सोनेरी सिंह आहेत आणि आत छत्तीस पानं आहेत. सुरुवातीलाच तीन वर्षांच्या क्रांतीचा फोटो आहे. फोटोत हसायचं नाही, असा नियम होता. क्रांतीनं तो इतका मनावर घेतला, की फोटोत ती एखाद्या रागावलेल्या सरपंचासारखी दिसते.

माझं गाव कवठे महांकाळजवळ. क्रांतीचे पप्पा नानासो दुबईत गलाईचं काम करतात, म्हणजे जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करतात. क्रांती त्यांना भेटायला जाईल, म्हणून मला बनवलं. पण झालं काय, की दर वर्षी काहीतरी आडवं आलं. एका वर्षी द्राक्षांची छाटणी आली. एका वर्षी क्रांतीच्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. एका वर्षी तर तिकीट काढायच्या दिवशीच म्हैस व्याली. अशा रीतीनं माझी सगळी नोकरी आजोबांच्या मिलिटरीच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात झाली. पासपोर्ट म्हणून मी परदेशी जायला हवं होतं. मी पलंगाखालून पुढे गेलो नाही.

तरी मान होता, हं. पाहुणे आले की आजोबा मला बाहेर काढायचे. आजोबांचं नाव आकाराम, पण घरात त्यांना सगळे आबा म्हणतात. "आमच्या क्रांतीचा पासपोर्ट," असं ते सांगायचे. पाहुणे आधी हात पुसायचे, मग मला धरायचे. बिळाशीच्या एका पाहुण्यानं तर सिंह बघून मला नमस्कार केला होता आणि मग विचारलं होतं, "ह्येच्यावर एसटीत सवलत मिळती का?"

यंदा मात्र तिकिटं निघाली. दहा मे. नानासोंच्या भट्टीला वर्षातून नऊच दिवस सुट्टी असते आणि ती तेव्हाच होती. बापलेकीची गाठ पडून चार वर्षं झाली होती. हे नऊ दिवस हुकले, की पुन्हा पुढचं वर्ष. आणि पुढच्या वर्षी म्हैस काय करेल, ते कुणी सांगावं!

एप्रिलात ट्रंक उघडली. क्रांती आता आठ वर्षांची झाली होती आणि दिसेल ते इंग्रजी मोठ्यानं वाचत होती. तिनं मला उलटंपालटं केलं आणि बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचावं तसं वाचलं.

"आबा, ह्येची एक्सपायरी तीस ऑगस्टला हाय."

"आन तुमी मायलेकी जानार कवा? दहा मेला," आबा म्हणाले. "अजून चार महिने हायत की! दूध हाय व्हय ते नासायला?"

मला भरून आलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं.

पण क्रांतीच्या आईनं, राणीनं, सांगलीच्या तिकीटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, पोचायच्या दिवशी पासपोर्टचे सहा महिने शिल्लक लागतात. हा चालणार नाही."

आबांनी फोन हिसकावून घेतला. "आवं, छापलंय तीस ऑगस्ट आन तुमी त्येला फेब्रुवारीतच मारताय? मग छापताना फेब्रुवारी का छापलं न्हाई?"

"आजोबा, नियम आहे."

"नियम माझ्या बी घरात हायत. म्हातारा जितो तवर त्येचं ताट वाढायचं!"

मित्रांनो, याहून चांगलं माझी बाजू कुणी मांडली नसती. उपयोग मात्र झाला नाही. नवा पासपोर्ट काढायचं ठरलं आणि मला घेऊन तिघंही सांगलीला कचेरीत गेली. स्वतःच्या जागी दुसऱ्याला बसवायला स्वतःच जायचं, असा तो प्रवास होता. माझा पहिलाच.

खिडकीमागच्या मॅडमनी मला उघडलं, नवा अर्ज पाहिला, पुन्हा मला पाहिलं.

"जुन्या पासपोर्टात मुलीच्या वडलांचं नाव नानासो आहे. वडलांच्या स्वतःच्या पासपोर्टात नानासाहेब. हे दोन वेगळे आहेत."

आता यात चूक आबांची होती. माझा अर्ज त्यांनी भरला होता. आमच्याकडे साहेबाचं 'सो' करतात. आबासो, बापूसो, नानासो. लग्नपत्रिकेत, सातबाऱ्यावर, पिठाच्या गिरणीच्या पाटीवर, सगळीकडे तसंच असतं. आम्हाला ते कळतं. कॉम्प्युटर बाहेरगावचा होता. त्याच्या मते क्रांतीला दोन बाप होते आणि दोघेही दुबईत होते.

"मॅडम, एकच हाय," आबा म्हणाले. "थांबा, पुरावा देतो." त्यांनी आपलं मिलिटरीचं पुस्तक काढलं. त्यात मुलाचं नाव होतं, नानासाहेब, आणि पुढे कंसात नानासो. आबांची छाती फुगली.

मॅडमनी पहिलं पान उलटलं. "हे पुस्तक कुणाचं?"

"माझं."

"यावर अक्रम लिहिलंय."

मित्रांनो, ही गोष्ट मी ट्रंकेत त्या पुस्तकाच्याच तोंडून ऐकली होती. भरतीच्या दिवशी कुणीतरी आकारामचं अक्रम केलं आणि आबा सतरा वर्षं कागदावर अक्रम राहिले. त्यांना ईदला सुट्टी मिळायची आणि दिवाळीला ड्यूटी लागायची. आबांनी दोन्ही निमूट पार पाडल्या. पण आता हिशेब असा झाला, की नानासो आणि नानासाहेब हे एकच आहेत असं अक्रम सांगत होता आणि तो अक्रम मी आहे असं आकाराम सांगत होता.

"हे चालणार नाही," मॅडम म्हणाल्या.

आबा खिडकीला धरून उभे राहिले. आवाज बारीक झाला होता, पण मागे हटले नाहीत. "पोरी, सतरा वर्सं मी कागदावर दुसराच मानूस हुतो. कुनाला बोललो न्हाई. पर माझ्या नातीचा बाप कागदानं दुसरा केला, तर मी हितनं हलनार न्हाई."

मॅडम राणीकडे वळल्या. "ताई, तुम्हीच सांगा. मिस्टरांचं नाव काय?"

राणीनं पदर सावरला. "ह्येंचं..." म्हणाली आणि थांबली. सासऱ्यासमोर नवऱ्याचं नाव तिनं दहा वर्षांत घेतलं नव्हतं. फोनवरसुद्धा ती 'अवं' म्हणायची. रांगेतल्या माणसांनी माना पुढे काढल्या.

"घाल की उखाना," मागून एक म्हातारी म्हणाली.

"उखाणा नको," मॅडम म्हणाल्या. "नुसतं नाव सांगा."

राणीनं एकदा आबांकडे पाहिलं. एकदा क्रांतीकडे पाहिलं. आणि मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नानासो! नानासोच हायत ते. नानासाहेब म्हनून कुनी हाक मारली, तर मागं वळून बगायचे न्हाईत. लग्नात भटजी नानासाहेब म्हनले, तर हे दुसरा नवरदेव कुठं हाय ते शोधत हुते!"

आबांनी खाली मान घालून हसू दाबलं. रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं. मॅडम तर उघडच हसल्या.

"हेच कागदावर लिहून द्या," त्या म्हणाल्या. "दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र. भटजींचं सोडून."

राणीनं तासाभरात ते करून आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव दोनदा लिहून खाली सही केली. अर्ज घेतला गेला.

मग माझी पाळी आली. मॅडमनी कात्री काढली, माझा कोपरा कापला आणि माझ्यावर 'रद्द' असा शिक्का मारला. पाच वर्षं शिक्क्याची वाट पाहिली होती. मिळाला तो हा.

पण मी रद्द झालो नाही. मी तिथंच ठरवलं. कोपरा गेला म्हणजे काय झालं? नांगराला लागून बैलाचं शिंग मोडलं, तर त्याला शेळी म्हणतात का?

दोन मेला पोस्टमननं नवा पासपोर्ट आणून दिला. चकचकीत, सगळे कोपरे शाबूत. त्यात वडलांचं नाव नानासाहेब. क्रांतीनं ते वाचलं, नाक मुरडलं आणि रबर लावून मला त्याच्या पाठीला बांधलं. "ह्येला बी न्यायचं," ती म्हणाली. राणी म्हणाली, "अगं, तो संपलाय." क्रांती म्हणाली, "मग तो जड बी न्हाई हुनार."

असा मी दुबईला गेलो. विमानात मायलेकींना जेवण मिळालं. नव्याला शिक्का मिळाला. मला काही नाही.

बाहेर दाराशी माणसं पाट्या धरून उभी होती. प्रत्येक पाटीवर येणाऱ्या पाहुण्याचं नाव होतं. आणि त्या सगळ्यांत एक माणूस, भट्टीनं हाताचे केस जळालेला, पुठ्ठ्याचा तुकडा डोक्यावर धरून उभा होता. कचेरीतली हकिगत त्यानं फोनवर ऐकली होती. पुठ्ठ्यावर त्यानं कोळशानं स्वतःचंच नाव लिहिलं होतं. नानासो.

क्रांती धावली. मी तिच्या मुठीत होतो, म्हणून मीही धावलो.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटात, ट्रंकेत, गादीखाली माझ्यासारखा कुणी असेल, तर आज त्याला बाहेर काढा. त्याची तारीख बघा, त्यातून सहा महिने वजा करा आणि त्यातलं प्रत्येक नाव मोठ्यानं वाचा. माझी दया येते म्हणून नको. मला तुमची दया नको आहे. कुठंतरी कुणीतरी पुठ्ठा धरून उभं असतं, आणि त्याचे हात दुखत असतात.