पडद्यावर न दिसणारा

मी एक लढाऊ विमान बोलतोय, तळ्याच्या गाळात रुतलेलं. मला शोधायला खूप जण आले. माझ्या वरून गेले आणि तसेच परतले.

माझा जन्मच मुळी न दिसण्यासाठी झाला. रडारच्या लहरी अंगावर आल्या की काही पिऊन टाकायच्या, काही भलतीकडे वळवायच्या. आल्या वाटेनं मागे जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणून माझं अंग असं तिरकं, कोनाकोनांचं, आणि त्यावर काळसर लेप.

लेप लावणाऱ्या तंत्रज्ञ बाईला सगळे वहिनी म्हणत, कारण माझा वैमानिक तिचा नवरा. हातमोजा काढून ती माझ्या सांध्यांवरून तळवा फिरवायची. जरा खरखर लागली की सगळं खरवडून पुन्हा नवा लेप.

"माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंस का गं?" तो विचारायचा.

"तुला घासूनपुसून काही उपयोग नाही," ती म्हणायची.

पहिल्या चाचणीत रडारवाला ओरडला, "पडदा कोरा! फार तर एखादं पाखरू असेल!" टाळ्या पडल्या. वहिनीनं मात्र विचारलं, "आणि हा कुठे पडला, तर सापडणार कसा?"

"म्हणून तर एरवी बोंडं लावतो ना, वहिनी!" रडारवाला म्हणाला. माझ्या अंगावर धातूची छोटी बोंडं बसवत. ती असली की मी रडारला ठळक दिसायचो.

त्या दिवशी सराव होता. आपल्याच रडारला हुलकावणी द्यायची होती. बोंडं तिनंच काढली. कामच होतं तिचं. "नीट ये," एवढंच त्याला म्हणाली.

ढगांच्या वर त्याच्या मास्कमधला प्राणवायू कमी झाला. आधी तो उगाचच हसला. मग शब्द अडखळू लागले. शेजारच्या विमानातला धाकटा वैमानिक रेडिओवर जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "दादा, खाली ये! दादा, ऐकतोयस ना?"

दादाची मान कलली होती. मी मात्र नेमून दिलेल्या दिशेनं सरळ उडत राहिलो. ढगात शिरलो आणि धाकट्याच्या नजरेतून सुटलो. त्याच्या रडारला तर मी दिसतच नव्हतो. "आता वहिनीला काय सांगू मी?" हा त्याचा शेवटचा आवाज.

इंधन संपलं. सगळं शांत झालं. मग टेकड्यांमधलं हे तळं वर वर येत गेलं.

पुढे नावा आल्या. तिचा आवाज मी ओळखला. "इथे अजून एकदा बघा ना."

"ताई, कितीदा बघितलं. खाली नुसता गाळ आहे," नावाडी म्हणाला.

तेव्हा तिनं पाण्याकडे वाकून नवऱ्याला हाक मारली. ती हाक पाण्यातून थरथरत माझ्या काचेपर्यंत आली. मला वाटलं, आता हा मान वर करणार.

हल्ली नावा येत नाहीत. पाणी हललं की त्याचा हात हलतो, आणि दर वेळी मी फसतो.

कुणी ऐकत असाल, तर मला राहू द्या इथेच. पण त्याला घरी न्या. त्याच्या खांद्यांवरचे पट्टे अजून आवळलेले आहेत. ते सोडवायला माणसाचे हात लागतात.