तळघर आभाळात

सासऱ्यांच्या मनात भरायचं म्हणून जावयाने स्वतः प्रोग्रॅम लिहिलेल्या लिफ्टच्या पहिल्या फेरीचा मान त्यांना दिला. त्यांनी तळघराचं बटण दाबलं. लिफ्ट वर निघाली, शेवटच्या मजल्यावर अडली आणि दार मिटून छताकडे कण्हत राहिली. आकडा दिसत होता दोनशे पंचावन्न.

"जावईबापू," आतून आवाज आला, "तळघर आभाळात कधी बांधलंत?"

जावयाची बायकोही त्याच धंद्यातली. तिने कोडवर बोट ठेवलं. "तळघर म्हणजे उणे एक. शून्य ते दोनशे पंचावन्नच्या ज्या खणात उणे बसतच नाही, त्यात तू ते कोंबलंस, म्हणून ते उलटून दोनशे पंचावन्न झालं. मारून मुटकून वैद्यबुवा!"

"पण कोड तपासणारा कंपायलर काही बोलला नाही."

"जबरदस्तीचं रूपांतर लिहून तूच त्याचं तोंड दाबलंस! आधी आकड्याला विचारावं, बाबा रे, मावतोस का? नाही म्हणाला तर थांबावं."

त्याने उणे मावेल असा खण घेतला, आणि तरीही न मावणारा आकडा आलाच, तर लिफ्टने थांबून दार उघडावं असं लिहिलं. नवा प्रोग्रॅम चढवताच दार तिथेच, शेवटच्या मजल्यावर उघडलं आणि सासरे घाम पुसत बाहेर आले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आता लिफ्ट आकड्याला आधी विचारते. नाही म्हणायची मुभा आहे. बसता पुन्हा?"

"मुभा आहे ना? मग नाही," म्हणत सासरे जिना उतरू लागले.