मालक समोर नसताना

किल्लीवाल्याच्या धंद्यात एकच नियम होता आणि तो त्याने तीस वर्षं पाळला होता. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. मग भाऊ येवो, मेहुणा येवो, नाहीतर डोळ्यांत पाणी आणून सासू येवो. "मालकाला घेऊन या," एवढंच तो म्हणायचा आणि कानस हातात घ्यायचा. लोक चिडायचे. पण घराबाहेर अडकल्यावर त्याच्याकडेच यायचे.

बायको गेली तेव्हा तिच्या फोनलाही त्याने हाच नियम लावला.

तिला जाऊन चार महिने झाले होते. मुलीला त्याने सांगितलं होतं की आईचा फोन बंद करून टाकला. ते खोटं होतं. फोन दुकानात होता, टेबलाच्या खालच्या खणात, कोऱ्या पितळी किल्ल्यांच्या ढिगावर पालथा ठेवलेला. तो रोज सकाळी त्याला चार्जिंगला लावायचा आणि दर महिन्याला रिचार्ज मारायचा. उघडायचा मात्र नाही. पहिल्याच आठवड्यात एकदा फोन वाजला होता आणि त्याने उचललाही होता. दातांच्या दवाखान्यातली बाई विचारत होती, मॅडम उद्या येणार ना? तो म्हणाला, ती बाहेर गेलीय. आणि ठेवून दिला. त्या दिवसापासून त्याने आवाज बंद करून टाकला. आता काही आलं की फोन नुसता थरथरायचा आणि खालच्या किल्ल्या किणकिणायच्या. गेल्या दहा-बारा दिवसांत त्या जरा जास्तच किणकिणत होत्या. असतील जाहिराती, असं म्हणून तो गुडघ्याने खण आत ढकलायचा.

घरात तो आणि मुलगी, दोघंच. मुलीला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. ती गावातल्याच कॉलेजात सिनेमाचं शिक्षण घेत होती. शिक्षण म्हणजे चाळीस पोरांत एक कॅमेरा, आणि एडिटिंग फळ्यावर. मोठ्या शहरातल्या फिल्म स्कूलमध्ये काही जागा दरवर्षी रिकाम्या व्हायच्या, तिथे बाहेरच्यांना थेट दुसऱ्या वर्षाला घेत. यंदा जागा सात होत्या. भिंगरीने अर्ज केला होता. सोबत सात मिनिटांची फिल्म पाठवली होती, बापाच्या हातांची. एक किल्ली कोरी असते तिथपासून कुलपात फिरते तिथपर्यंत. बोलणं एक नाही, नुसता कानशीचा आवाज. दिवा आईने धरला होता. तेव्हा ती आजारी होती, हात भरून यायचा, तरी तिने दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही.

नंतर घरात नुसती वाट बघणं उरलं. भिंगरी दिवसातून चाळीस वेळा मेल उघडायची.

"काही नाही," ती म्हणायची.

"काही नाही म्हणजे अजून नाही म्हटलेलं नाही," बाप म्हणायचा. "कुलूप लगेच उघडलं तर समजावं, हलकं आहे. वेळ लागतोय म्हणजे माल चांगला."

"बाबा, प्रत्येक गोष्टीत कुलूप आणू नका."

"मग काय आणू? मला दुसरं येतं काय?"

त्याने तिच्या हॉस्टेलच्या पेटीसाठी एक कुलूपही बाजूला काढून ठेवलं होतं. दुकानातलं सगळ्यात भारी, दोन किल्ल्यांचं. ते वेगळ्या खिळ्याला टांगलेलं असायचं. शेजारचा चष्मेवाला रोज चहाला यायचा आणि रोज त्या कुलपाकडे बघून म्हणायचा, "बाजारात तुरी!" किल्लीवाला म्हणायचा, "तू तुझ्या काचा पूस."

सोमवारी फिल्म स्कूलच्या वेबसाइटवर एक ओळ आली. सर्व अर्जदारांना निर्णय कळवण्यात आला आहे.

भिंगरीने ती तीनदा वाचली. सर्वांना कळवलं, आणि तिला काहीच आलेलं नव्हतं. मेलच्या कोपऱ्यांत, कचऱ्यात, सगळीकडे शोधून झालं.

"त्यांना विचार तरी," बाप म्हणाला.

"काय विचारू? नाही म्हणायच्याही लायकीची नाही का मी, असं?"

गुरुवारी सकाळी फोटो स्टुडिओत कामाला जाताना ती दुकानात डोकावली. खिळ्यावरचं कुलूप काढून तिने विकायच्या कुलपांत टांगलं. "गिऱ्हाईक आलं तर देऊन टाका," म्हणाली आणि निघून गेली. बापाने ते परत खिळ्याला लावलं. पण या वेळी त्याच्याही हातात जोर नव्हता.

दुपारी पावणेतीनला चष्मेवाला चहा घेऊन आला. पहिला घोट घेतो न घेतो तोच किल्ल्या किणकिणायला लागल्या.

"लेका, तुझ्या खणात उंदीर शिरलाय."

"जाहिरात असेल."

"उंदराची जाहिरात?" चष्मेवाल्याने वाकून खण ओढला. किल्ल्यांवर फोन थरथरत होता. "अरे, फोन आहे हा. कोणाचा?"

चष्मेवाल्याने उत्तराची वाट न बघता फोन उचलला, कानाला लावला, "हॅलो" म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने फोन समोर धरला आणि आवाज मोठा केला.

"...प्रवेश विभागातून बोलतेय," एक बाई सांगत होती. "हा माझा पाचवा फोन आहे. तुमच्या मुलीची निवड होऊन अकरा दिवस झाले. तुम्ही होकार कळवलेला नाही. आज चार वाजता यादी बंद होते, मग जागा पुढच्या मुलाला जाईल. तुम्हाला जागा नको आहे का?"

किल्लीवाल्याच्या हातात चहाचा पेला होता. तो खाली ठेवायचा असतो हे त्याला सुचलं नाही. तो तसाच धरून उभा राहिला.

"हॅलो? मुलीच्या आई आहेत का? फॉर्मवर नंबर आणि मेल दोन्ही त्यांचेच आहेत."

त्यांच्या घराची ती जुनी रीत होती. निकाल कोणाचाही असो, पहिला बघायची ती. मुलीची शाळेची गुणपत्रिका, त्याच्या रक्ताचा रिपोर्ट, लिफाफा आधी तिच्या हातात. बातमी चांगली असली तर ती दारातूनच ओरडायची. वाईट असली तर काही न बोलता आधी चहा टाकायची, माणसाला बसवायची आणि मग सांगायची. फॉर्म तिनेच भरला होता, पलंगावर पडल्या पडल्या, एका बोटाने. भिंगरी म्हणाली होती, "आई, माझा नंबर घाल." ती "हो, हो" म्हणाली होती. आणि तिने स्वतःचा घातला होता. नकार आला तर तो पोरीवर थेट पडू नये म्हणून.

"ती..." किल्लीवाल्याने तोंड उघडलं. बाहेर गेलीय, असंच ओठांवर आलं होतं. "ती वारली. चार महिने झाले."

हे वाक्य तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता. चष्मेवाल्याने मान खाली घातली.

"मला माहीत नव्हतं," पलीकडची बाई म्हणाली. आवाज आता वेगळा होता. "ती किल्ल्यांची फिल्म मी पाहिली होती, म्हणून म्हटलं एकदा शेवटचं लावून बघावं. तुम्ही वडील ना? ऐका. मुलीला गाठा आणि याच फोनवरून मला लावा. याच नंबरवर एक ओटीपी येईल, तो मला सांगायचा. चारच्या आत. समजलं?"

"समजलं," तो म्हणाला. खरं तर अर्धंच समजलं होतं. चष्मेवाल्याने त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि पाठीत एक धपका दिला. "उभा काय राहिलास खांबासारखा? पळ!"

स्टुडिओ चार गल्ल्या पलीकडे होता. बावन्न वर्षांचा माणूस दुकान उघडं टाकून, कमरेचं फडकं तसंच बांधलेलं ठेवून, भर दुपारी पळत गेला. रस्त्यात कोणीतरी हाक मारली. ती त्याला ऐकू आली, पण आपल्यालाच आहे असं वाटलं नाही.

भिंगरी पासपोर्टचे फोटो कापत होती. बाप दारात धापा टाकत उभा. त्याच्या हातात तो फोन, निळ्या कव्हरचा, कोपरा फुटलेला.

"तुझं झालंय," तो म्हणाला. "अकरा दिवस झाले. चारच्या आत सांगायचंय."

तिने कात्री खाली ठेवली. झालंय, हा शब्द तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ती फोनकडे बघत होती.

"हा आईचा फोन आहे."

"हो."

"चालू आहे."

"हो."

"तुम्ही म्हणालात बंद केला! चार महिने मी... मला तिचा आवाज ऐकायचा होता, बाबा. तिने मला बोलून पाठवलेले निरोप माझ्या जुन्या फोनबरोबर गेले. मी रडले तुमच्यासमोर. आणि हा तुमच्याकडे होता? चार्ज करून?"

"मी उघडला नाही तो. मालक समोर नव्हता."

"मालक!" ती ओरडली. आतून फोटोवाल्या बाई बाहेर आल्या आणि दोघांची तोंडं बघून तिथेच थांबल्या. "मालक येणार नाहीये, बाबा. किती दिवस थांबणार आहात?"

त्याने फोन पुढे केला. तिने हिसकून घेतला तशी काच उजळली. कुलूप न उघडताच सगळं वर दिसत होतं. फिल्म स्कूलचे निरोप एकाखाली एक. अभिनंदन. कृपया कळवा. स्मरणपत्र. शेवटचे स्मरणपत्र. हे सगळं इतके दिवस दाराबाहेर उभं राहून हाका मारत होतं. नुसता फोन उलटा केला असता तरी दिसलं असतं.

त्याच्याही खाली, सगळ्यात तळाला, एक जुनी ओळ होती. 'अहो – २३ मिस्ड कॉल.'

आईने बापाचं नाव फोनमध्ये असंच ठेवलं होतं. भिंगरीने तारीख बघितली. आई गेल्यानंतरचा तो आठवडा होता.

तिने वर बघितलं. बाप कमरेच्या फडक्याला हात पुसत होता, पुसलेलेच हात पुन्हा पुन्हा. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने आईचा फोन उघडला. काचेवर बोटाने काढायची खूण तिला माहीत होती, लहानपणापासून.

"लावा फोन," ती म्हणाली. "वाजले किती?"

"तीन वाजून दहा," फोटोवाल्या बाई म्हणाल्या.

प्रवेश विभागातल्या बाईने पलीकडून नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, जागा हवी आहे का विचारलं. "हवी आहे," भिंगरी म्हणाली. ओटीपी आला, तिने वाचून दाखवला. "आता प्रमुखांची सही लागेल," बाई म्हणाली. "ते बैठकीत आहेत. मी आत जाते. याच नंबरवर निरोप येईल, हो किंवा नाही. नक्की सांगत नाही."

मग ते दोघं ग्राहकांच्या बाकावर बसले. फोन मध्ये ठेवला, काच वर करून. साडेतीन झाले. पावणेचार. एक माणूस फोटो काढायला आला, त्याला फोटोवाल्या बाईंनी उद्या या म्हणून सांगितलं. चारला पाच कमी असताना फोन थरथरला. बाकाची फळी गुरगुरली.

"तू बघ," बाप म्हणाला.

"नाही. आपल्याकडे निकाल मुलं बघत नाहीत." तिने फोन त्याच्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याने वाचलं. पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. अक्षरं ओळखीची होती, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागत होता. तो उठला. त्याने फोटोवाल्या बाईंकडे बघितलं आणि कोरड्या तोंडाने म्हणाला, "जरा चहा टाकता का?"

भिंगरीने मागे वळून बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "बरं," ती हळूच म्हणाली. "बरं, बाबा. असू दे. मी बसते." आणि ती खरंच बसली, हात मांडीवर ठेवून, वाईट बातमी ऐकायला बसतात तशी.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं.

"अगं नाही! नाही, नाही! मिळालं! पक्कं झालं! चहा मलाच हवाय, माझा घसा सुकलाय!"

"असं करतं का कोणी!" म्हणत तिने त्याच्या खांद्यावर दोन बुक्क्या मारल्या. मग तिथेच डोकं टेकून रडायला लागली. तो रडला नाही. मनाने तो अजून दुकानात, त्या चहाच्या पेल्यापाशीच कुठेतरी उभा होता.

फोन पुन्हा थरथरला. प्रवेश विभागातली तीच बाई. अभिनंदन केलं, तारखा सांगितल्या. "आणि एक," ती चाचरत म्हणाली. "रेकॉर्डला आईंचा नंबर आहे. तो ठेवायचा की बदलायचा?"

बापाने फोन घट्ट धरला. दोन वर्षं, त्याच्या मनात आलं. अजून दोन वर्षं किल्ल्या वाजत राहतील. त्याला वाटलं, म्हणावं, राहू दे.

भिंगरीने डोळे पुसले आणि फोनकडे वाकली. "बदला," ती म्हणाली. "घ्या लिहून." आणि ती एकेक आकडा सांगायला लागली. पहिले चार आकडे होईपर्यंत त्याला वाटत होतं, ती तिचाच नंबर देतेय. पाचव्या आकड्याला त्याने चमकून तिच्याकडे बघितलं.

तो त्याचा होता.

"आणि बाबा," ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या वेळी आधी सांगायचं. चहा नंतर."